देव उतरावा असं पाणी

चिंधीला गावात कुणी चिंधीबाय म्हणत नसे. उंबरवलीच्या आळीतून ती घमेलं-फावडं घेऊन चालली की पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ‘चिंधे’ म्हणून हाक मारत, आणि तीही ‘जी’ म्हणून थांबत असे. त्यामुळे सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेनंतर सरपंचाच्या बायकोने तिला ‘चिंधीबाय, चहा घेऊन जा’ म्हटलं, तेव्हा आपल्यामागे दुसरी कुणी चिंधी तर उभी नाही ना, म्हणून तिने आधी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. चहा तिच्यासाठीच होता, आणि तोही घरातल्या कपात.

त्या कपाने घात केला म्हणायचा, की त्याआधी तिच्या तोंडातून गेलेल्या शब्दाने, हे आता कुणी ठरवावं.

उंबरवली कर्नाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याचं शेतकरी गाव. भात झालं की वाल टाकायचा, वालाच्या शेंगा पनवेलच्या बाजारात न्यायच्या, असं त्यांचं चाललेलं. गावाच्या खाली ओढ्याकाठी कातकऱ्यांची वाडी. चिंधीची झोपडी तिथली. गावाला नळ आले. नळामागून घरोघरी मोऱ्या आल्या, संडास आले, आणि त्या सगळ्याचं पाणी गटाराने निघून ओढ्याला मिळू लागलं. डोळ्यांआड झालं म्हणजे संपलं, असा गावाचा समज. ते संपत नव्हतं, वाडीत येत होतं. वाडीला नळ नव्हता. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा खणायचा, झिरपून आलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. त्या खड्ड्याला डवरा म्हणतात, आणि वाडी त्या डवऱ्यावर जगत होती.

गावाच्या नळावर वाडीने हंडा लावायचा नाही, असं काही कुणी म्हटलेलं नव्हतं. चिंधीच्या सुनेने, कोमलने, एकदा बुधाजी बाबांच्या अंगणातल्या नळाला हंडा लावला होता. बुधाजी बाबा म्हणजे गावातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत भलं माणूस. त्यांच्या घरचं कुणी कुणाला टाकून बोलत नसे. त्या दिवशीही कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी कोमल गेली तेव्हा नळाची चावी काढून घेतलेली होती. तेव्हापासून ती चावी आत खुंटीवर असते. पाणी लागलं की आणायची, बसवायची, आणि झालं की परत खुंटीवर.

कोमल पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिंधीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ही कावीळ घाणीच्या पाण्यातून येते, आणि इतरांना ती सोडते पण पोटुशी बाईला पुष्कळदा सोडत नाही. पाणी उकळून पाजत होता का, असंही विचारलं. चिंधी उकळून पाजत होती. पण वालाच्या शेतात दिवसभर वाकलेली बाई तहान लागल्यावर ओढ्यात ओंजळ घालते, तिथे चूल कोण पेटवणार? कोमल गेली, तिच्या पोटातलंही गेलं. चिंधीचा मुलगा काळू बिल्डिंगच्या कामावर म्हणून गेला तो परत वाडीत राहायला आला नाही.

त्याच वर्षी पनवेलच्या एका संस्थेचा वरद नावाचा मुलगा गावात आला आणि गटाराच्या तोंडाशी, पंचायतीच्या कचेरीमागे, त्याने सांडपाण्याचं तळं बांधून घेतलं. आधी एक जाळी, तिच्यात पिशव्या अडकायच्या. मग एक टाकी, तिच्यात गाळ बसायचा. मग दगड-खडीचा लांब वाफा, त्यात गच्च कर्दळ लावलेली. पाणी त्या दगडांतून आणि मुळांतून रांगत जायचं. शेवटी एक लहानसं तळं, आणि तिथून ओढा. टाकीत शिरताना जे पाणी बघवत नसे, ते तळ्यात उतरेपर्यंत तळ दिसेल असं व्हायचं. गावाने त्याला ‘कर्दळीचं तळं’ नाव ठेवलं. राखणीला कोण, म्हणून विचारलं तेव्हा गावातलं कुणी पुढे आलं नाही. दुसऱ्याच्या संडासाचा गाळ कोण उपसणार? चिंधी पुढे आली. तिला काय, कोमलच्या जागी दुसरी कुणी जाऊ नये एवढंच हवं होतं.

आणि आता ती दुसरी घरातच येऊन बसली होती. चिंधीची लेक स्नेहा, बाळंतपणाला. नवरा वीटभट्टीवर, तिथलं पाणी तर म्हशींच्या डबक्याचं, म्हणून त्यानेच आणून सोडली होती. पोट चांगलंच दिसत होतं. पाडव्याच्या आसपास मोकळी होईल, असं दवाखान्यात सांगितलं होतं. चिंधी रोज सकाळी उठून आधी लेकीचे डोळे बघायची. पांढरे दिसले की चुलीकडे वळायची.

ग्रामसभेत सरपंच शैलेशने विषय काढला तो तळ्याचाच. तो मूळचा वाईट माणूस नाही, पण त्याला त्या जागेवर लग्नकार्यासाठी हॉल हवा होता आणि एकदा हॉल डोक्यात शिरला की माणसाला दुसरं काही दिसत नाही. गावाच्या तोंडाशी घाण साठवून ठेवलीय, तो म्हणाला, वास येतो, डास होतात. संस्थेची हौस झाली, आता बुजवून टाकू आणि गटार पूर्वीसारखं ओढ्याला जोडू. बायकांनी माना डोलावल्या. वास येत होता तो ज्याच्या त्याच्या परसातल्या उघड्या गटाराचा. पण आपल्या परसाचा वास कुणाला आलाय?

चिंधी दाराशी बसली होती. गटार ओढ्याला जोडणार म्हणजे डवऱ्याला जोडणार. ती उठली, कचेरीमागे गेली आणि तळ्यातलं पाणी तांब्यात घेऊन आली. सगळ्यांसमोर तिने ते ओंजळीत ओतलं, डोळ्यांना लावलं, आणि एक घोट घेतला. स्नेहाला त्या पाण्याची ओंजळसुद्धा तिने न उकळता घेऊ दिली नसती. पण आत्ता तिला तेवढं भान नव्हतं.

“ह्यात घान कुटं हाय ते दाखवा,” ती म्हणाली. “देव उतरावा आसं पानी हाय ह्ये.”

बुधाजी बाबा म्हणाले, “मंग उतरवू या की.”

त्यांच्या मनातलं गावाला लगेच कळलं. उंबरवलीचा गणपती माघातला. भाद्रपदात घरोघरी बसतो तो वेगळा. हा गावाचा, शाडूचा, पेणहून आणायचा, आणि गावाच्याच तळ्यात सोडायचा. गावच्या देवाने शिवेबाहेर जायचं नाही, ही रीत. पण ते तळं विकलं गेलं, बुजलं, आता तिथे इमारतींचे खांब उभे होते. मागल्या साली गणपती टेम्पोत घालून पनवेलला नेला, तिथे पालिकेच्या हौदात सोडला. बुधाजी बाबा टेम्पोमागे शिवेपर्यंत चालत गेले आणि तिथे उभं राहून रडले. त्यांना रडताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. त्या साली वालाला कीड लागली, तीही देव शिवेबाहेर गेला म्हणूनच, असं अर्धं गाव आजही धरून आहे.

आता गावाला शिवेच्या आत तळं मिळालं. पाणी चोख असल्याचं जिने गाळ उपसला तिनेच पिऊन दाखवलं. शैलेशला गप्प बसावं लागलं, कारण ज्या तळ्यात गणपती उतरणार ते बुजवायचं कसं? हॉलचं बारगळलं. बुधाजी बाबांनी चिंधीला पुढे बोलावलं, तिच्या पदरात नारळ घातला आणि सांगितलं की विसर्जनाच्या दिवशी तळ्याकाठची पहिली आरती चिंधीबाय करील. वाडीची माणसं आजवर मांडवाच्या बाहेरून आरती ऐकत आलेली. मग तो चहा, तो कप.

खोटं कशाला बोला, चिंधीला ते फार आवडलं. ती नारळ पदराखाली धरून वाडीत उतरली, स्नेहाला दोनदा सगळं सांगितलं, आणि तिसऱ्यांदा शेजारणीला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तळं वाचलं. पोर वाचली. वर माणसात गणती झाली. इतकं सगळं एका घोटात मिळालेलं तिला आयुष्यात पहिल्यांदाच.

गणपती आला. मांडव पडला, भजनं झाली. चिंधीने आरतीसाठी कोमलच्या लग्नातलं लुगडं काढून उन्हात टाकलं.

विसर्जनाच्या आदल्या दुपारी बुधाजी बाबांची सून समृद्धी चार बायका घेऊन तळ्यावर आली. तिने पदर खोचून सगळं फिरून पाहिलं आणि चिंधीला गोड शब्दांत सांगितलं की उद्या सकाळी अख्खा गाव साफसफाईला येणार आहे. देव उतरायचा म्हणजे शेवाळ कसं चालेल? कर्दळ मुळापासून काढून मांडवाच्या कमानीला बांधायची, वाफ्यातले दगड बाहेर काढून खराट्याने घासायचे, वर ब्लीचिंग पावडर मारायची. पावडरीची पोती पंचायतीत येऊन पडली होती. संडास धुवायचं अ‍ॅसिडही घरोघरून आणायला सांगितलं होतं. सासऱ्यांची इच्छा आहे, ती म्हणाली, की दगड न् दगड आरशासारखा चमकला पाहिजे.

चिंधी हो हो म्हणाली. त्या गेल्यावर ती वाफ्याशी बसली आणि एक दगड उचलून तिने त्यावरून बोट फिरवलं. बुळबुळीत थर होता, काळपट हिरवा. वरदने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हा थर काढायचा नाही. का, ते तिने विचारलं नव्हतं. नको तर नको. आता मात्र तिने वरदला फोन लावला.

वरद नागपूरला होता, कुठल्यातरी कामावर. त्याने ऐकून घेतलं. मग त्याने समजावलं. पाणी साफ करतात ते दगड नव्हेत. तो बुळबुळीत थर जिवंत असतो, घाण खाऊन तोच पाणी साफ करतो. त्याच्यावर पावडर आणि अ‍ॅसिड पडलं की तो मेला. मग वाफा म्हणजे नुसते दगड, वरून घाण शिरेल तशी खालून बाहेर पडेल.

“परत धरायला किती दिवस?” चिंधीने विचारलं.

“दोन महिने तरी,” तो म्हणाला. “काहीही करा मावशी, पण त्यांना थांबवा. मी सोमवारी येतो.”

पाडवा दोन महिन्यांवर होता. चिंधीला ते बोटांवर मोजावं लागलं नाही.

ती तशीच बुधाजी बाबांकडे गेली. ते ओटीवर दूर्वा निवडत बसले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, आणि ती ओटीखाली बसली. दगड घासू नका, तिने हात जोडून सांगितलं, पावडर टाकू नका, कर्दळ राहू द्या. ते बुळबुळीत आहे तेच पाणी साफ करतं. बुधाजी बाबांनी शांतपणे ऐकलं. त्यांना तिचा राग आला नाही, हेच वाईट झालं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

“चिंधीबाय, देव काय शेवाळात उतरवायचा?” ते म्हणाले. “तूच सांग. पानी चोख हाय ना?”

चिंधीने मान खाली घातली. नाही म्हटलं, तर शैलेश पुन्हा तळं बुजवायच्या मागे लागणार. हो म्हटलं, तर उद्या सकाळी खराटे येणार. आपल्याच हाताने विणलेल्या जाळ्यात ती अशी अडकली होती की हलायला जागा नव्हती.

“हाय,” ती म्हणाली.

“मंग चोख पान्याला पावडरीची भीती कसली? आनखी चोख व्हईल.” आणि त्यांनी मायेने विचारलं की उद्या आरतीला नेसायला धड लुगडं आहे ना, नसेल तर समृद्धी देईल.

चिंधी वाडीत आली तेव्हा स्नेहा अंगणात पाय पसरून बसली होती. पोटावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, “आये, आज लय लाथा मारतंय.” चिंधीने तिच्या पोटावर हात ठेवला. आतलं पोर जोरात हललं. तिथेच, हात ठेवल्या ठेवल्या, तिने ठरवलं.

तिचा हिशेब साधा होता. तळ्यात देव उतरणार नाही, असं काहीतरी झालं पाहिजे. मग सफाईही होणार नाही. आपली अब्रू जाईल. जाऊ दे. शैलेश तळं बुजवायचं म्हणेल. म्हणू दे, पंचायतीला एक नळ बदलायचा तरी ठराव, मंजुरी, तालुक्याच्या खेपा करण्यात पावसाळा येतो. तोवर वाफ्यातला थर जिवंत राहील, स्नेहा मोकळी होईल. दोन महिने निभावले की पुढचं पुढे.

उजाडता उजाडता ती तळ्यावर गेली. आधी तिने तळ्याच्या बाहेरच्या तोंडात मातीचं पोतं ठोसलं, की काही ओढ्यात जाऊ नये. मग टाकीवरची फळी बाजूला केली आणि बादली आत सोडली. टाकीच्या तळाचा गाळ म्हणजे गावाने महिनाभर आत टाकलेलं सगळं. ती बादली भरून वर ओढायची, वाफ्याला वळसा घालून तळ्याशी न्यायची आणि ओतायची. ज्या पाण्यासाठी तिने गेली दोन वर्षं हात घाण केले होते, त्याच पाण्यात ती घाण ओतत होती. पहिली बादली ओतताना तिला हुंदका फुटला. नंतर फुटला नाही. पाठ मोडून आली, पण तळं काही केल्या लवकर काळं होईना. इतकं ते पाणी निवळ झालं होतं.

ऊन वर आलं तेव्हा गाव खराटे घेऊन आला. पुढे समृद्धी, मागे बायका, पोरांच्या खांद्यावर पावडरीची पोती. वास त्यांना वळणावरच लागला. सगळ्यांचे पदर नाकाला गेले. तळं काळंभोर झालं होतं, वर फेस आला होता, आणि काठावर चिंधी उभी होती, कोपरापर्यंत बरबटलेली.

शैलेश पुढे आला. हे काय, त्याने विचारलं. कुणी केलं?

“कुनी नाय केलं,” चिंधी म्हणाली. “ह्ये आसंच आसतं. तुमच्याच मोरीचं न् संडासाचं पानी हाय. देव नाय उतरायचा ह्याच्यात. मी खोटं बोलली.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बुधाजी बाबा काठी टेकत मागून आले. त्यांनी तळ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, मग पायाशी पडलेल्या बादलीकडे. त्यांना काय झालं ते कळलं असावं. निदान निम्मं तरी.

“मंग तवा पिलीस कशाला?” त्यांनी विचारलं.

पोरीसाठी, असं ती म्हणाली असती. पण त्या घाणीशेजारी उभं राहून तिला लेकीचं नाव घेववेना.

“माजा देव पुन्ना शिवंभायेर चालला, चिंधे,” बुधाजी बाबा म्हणाले, आणि वळून चालायला लागले.

ते ‘चिंधे’ तिला लागायचं तिथे लागलं. तरीही खराटे परत चाललेले पाहून तिला मनात कुठेतरी हायसं वाटलं होतं. कर्दळ उभी होती. दगडांना कुणी हात लावला नव्हता. तिने जे मागितलं तेवढं तिला मिळालं होतं.

मग शैलेश म्हणाला, “पहारी आणा.”

तिचा हिशेब इथे चुकला. तिने पंचायत धरली होती, ठराव धरला होता. चिडलेल्या माणसांना ठराव लागत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, पण घाईत ती तेच विसरली. देवाला फसवलं म्हणून पेटलेली पोरं पहारी, टिकाव घेऊन आली आणि टाकीच्या अलीकडे जिथे गटार आत वळत होतं, तिथे त्यांनी बांध फोडला. जुनी ओढ्याची वाट अजून तिथेच होती, नुसती मातीने मिटलेली. दुपार व्हायच्या आत ती मोकळी झाली. आत शिरायचं ते पाणी आता टाकीला, वाफ्याला, कर्दळीला बाजूला ठेवून सरळ ओढ्याकडे निघालं. चिंधी पोरांच्या पाया पडली. एकाने तिला धरून बाजूला केलं, ढकललंही नाही. पावडर पडलीच नाही, खराटा लागलाच नाही, दगडांवरचा थर जिवंत होता, आणि त्याच्यापर्यंत पाणीच पोचणार नव्हतं.

ती ओढ्याच्या काठाने धावत सुटली. पाणी तिच्याबरोबरच चाललं होतं. दगडांना वळसे घालत, साबणाचा फेस पुढे ढकलत ते सावकाश येत होतं, म्हणून ती पुढे गेली. डवऱ्याशी पोचली तेव्हा आतलं पाणी निवळ होतं, तळाची वाळू दिसत होती. घाण आली तरी ते बराच वेळ असंच दिसणार, तिला माहीत होतं. कोमललाही ते असंच दिसलं होतं. तिने आजूबाजूचे दगड उचलले आणि डवऱ्यात टाकायला लागली. दगड, माती, काट्यांच्या फांद्या. वाडीतल्या बायका हंडे घेऊन धावत आल्या, तिला शिव्या घालायला लागल्या, एकीने तिचे केस धरले. ह्यातलं पिऊ नका, ती सांगत राहिली, वरून गटार सोडलंय. मग आता कुठलं पिऊ, असं त्या विचारत होत्या. उद्या त्या ते दगड काढणार होत्या. त्यांची पोरं तहानलेली होती. त्या तरी काय करतील?

स्नेहा झोपडीच्या दाराशी उभी होती. घरात कालचं उकळलेलं पाणी तांब्याच्या तळाशी तेवढं उरलं होतं. चिंधीने हात वाळूने घासले, रिकामा हंडा कमरेवर घेतला, दुसऱ्या हाताने लेकीचा हात धरला आणि गावाची चढण धरली. सकाळी ज्या गावाला तोंड दाखवायची सोय ठेवली नव्हती, त्याच गावाकडे. स्नेहा मध्ये मध्ये थांबत होती. तिला धाप लागत होती.

गाव रिकामं होतं. सगळे टेम्पोमागे पनवेलला गेले होते. बुधाजी बाबांच्या घराला कडी होती. अंगणात नळ होता, आणि नळाला चावी नव्हती. चावीच्या जागी नुसता लोखंडी दांडा. चिंधीने तो बोटांनी फिरवून पाहिला, दगडाने ठोकून पाहिला, दातांत पदर धरून दोन्ही हातांनी पिळून पाहिला. बोटं सोलली, दांडा हलला नाही. फक्त तोटीच्या टोकाला एक थेंब धरला, फुगला आणि पडला. मग दुसरा.

तिने हंडा त्या थेंबाखाली ठेवला. दोघी भिंतीला टेकून बसल्या. हंड्याच्या तळात टप टप वाजत राहिलं. चिंधी पदराने लेकीला वारा घालत होती. मनातल्या मनात ती देवाला सांगत होती, की तुला फसवलं ते माझ्या पदरात घाल, हिच्या नको. हंड्याचा तळ जेमतेम झाकला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि हमरस्त्याकडून ढोलाचा आवाज यायला लागला.

माणसं परतली. अंगणाशी येऊन थबकली, मग आपापल्या घरी पांगली. समृद्धी खाली मान घालून आत गेली. बुधाजी बाबा शेवटी आले. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. हातात प्रसादाचं ताट होतं. त्यांनी थेंबाखालचा हंडा पाहिला, मग स्नेहाचं पोट पाहिलं.

चिंधी उठली नाही. बसल्या जागेवरून तिने हात जोडले. “बाबा, दोन म्हयने,” ती म्हणाली. “माज्यासाठी नाय. हिच्यापुरतं. हिच्या एकटीच्या पिन्यापुरतं.”

आत भिंतीवर, उघड्या दारातून दिसेल अशी, खुंटीवर नळाची चावी लटकत होती. बुधाजी बाबांनीही तिकडे एकदा पाहिलं, असं चिंधीला वाटलं. मग ते खाली वाकले आणि ताटातला शिऱ्याचा मोठा मुटका त्यांनी स्नेहाच्या हातावर ठेवला.

“घे पोरी, देवाचा प्रसाद हाय,” ते म्हणाले. “पोटुशीनं नाय म्हनू नये.”

ते आत गेले. दार लागलं, आणि आतून कडी बसल्याचा आवाज आला.

स्नेहाने आईकडे पाहिलं. चिंधीने मान हलवली, खा म्हणून. स्नेहाने शिरा खाल्ला, बोटंसुद्धा चाटली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. शिरा साजूक तुपातला होता, चांगला गोड होता. तो खाऊन झाल्यावर तिला फार तहान लागली.